कुत्रा-मांजराची डबल बारी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर वर्षानुवर्षं माझा आवाज वाजला. चेहरा फार थोड्यांना ठाऊक होता, कारण वाहतूक नियंत्रक बसतो तो जाळीच्या खिडकीमागे. पण बाजारात मी "अर्धा किलो वांगी द्या" म्हटलं की शेजारची बाई वळून बघायची आणि विचारायची, "तुम्ही स्टँडवरच्या का हो?" मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. गर्दीत, पावसात, इंजिनांच्या घरघरीत आपलं म्हणणं शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत कसं पोचवायचं, हे मला येतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी फलाटावर राहणारी एक तांबडी कुत्री मागे येणाऱ्या गाडीखाली सापडली. मागचा पाय चेंदला. लोक गोल करून उभे राहिले आणि "अरेरे" म्हणू लागले. मी केबिनमध्ये जाऊन माईक उघडला आणि नेहमीच्या सुरात म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्टँडवर कोणी जनावरांचे डॉक्टर असल्यास त्यांनी त्वरित नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." माझ्या सहकाऱ्यांनी कपाळावर हात मारला. पण चिपळूण गाडीची वाट बघत बसलेली एक तरुण मुलगी ओढणी सावरत धावत आली. ती खरोखरच जनावरांची डॉक्टर होती. तिने ओढणीनेच पाय बांधला, कुत्रीला रिक्षात घातलं आणि चिपळूण गाडी सोडून दिली.

त्या दिवसापासून ती मला काकू म्हणते. पुढे तिने चार माणसं गोळा करून जखमी कुत्र्या-मांजरांसाठी आसरा उभा केला. शहराबाहेर कातळावर एका आंबा बागायतदाराची पॅकिंगची जुनी शेड होती, ती त्यांनी वापरायला दिली. बागायतदार वयाने माझ्याएवढेच, बोलायला मोजके, आणि कुठल्याही नव्या कल्पनेला आधी "बघूया" म्हणणारे. मी निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी आसऱ्यावर हजर झाले. घरी बसून करायचं काय?

काम भरपूर होतं, पैसा नव्हता. एका वादळी पावसात शेडचे निम्मे पत्रे उडाले तेव्हा डॉक्टरने बैठक बोलावली. ती म्हणाली, "काकू, नुसत्या पावत्या फाडून आता भागणार नाही. लोकांना ओढून आणेल अशी थीम हवी."

"थीम म्हणजे?" बागायतदारांनी विचारलं.

"म्हणजे लग्नात सगळ्या बायका एका रंगाच्या साड्या नेसतात ना, तसं काहीतरी," मी सांगितलं. ते "बघूया" म्हणाले.

पहिली थीम डॉक्टरच्या मुंबईच्या मैत्रिणीने सुचवली. कुत्र्यांचा फॅन्सी ड्रेस. मांडवीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. शहरातली हौशी मंडळी आपापली कुत्री नटवून घेऊन आली. एक पामेरियन नऊवारीत होती. एक लॅब्राडोर कोळी बनून आला होता, खांद्यावर लहानसं जाळं. त्याने वाळूत लोळण घेतली, जाळं चारी पायांत गुंतलं आणि तो मालकाला समुद्राकडे ओढत निघाला. लोक पोट धरून हसले, सगळ्यांनी मोबाईलवर चित्रण केलं, भेळ खाल्ली आणि घरी गेले. आमच्या मदतपेटीकडे कुणी फिरकलं नाही. मी बैठकीत स्पष्टच म्हणाले, "लोकांनी कुत्री पाहिली. आपली कुत्री कुणी पाहिलीच नाहीत."

मग कॅलेंडर काढलं. छान छापलं होतं, प्रत्येक महिन्याला आसऱ्यातलं एक जनावर. ते घेतलं फक्त आमच्या नातेवाइकांनी. माझ्या जावेने जानेवारी महिना भिंतीकडे तोंड करून टांगला, कारण जानेवारीत एका डोळ्याचा बोका होता आणि तो स्वयंपाक करताना आपल्याकडेच बघतो असं तिला वाटायचं. फेब्रुवारीत तिने कॅलेंडर सरळ केलं, एवढंच.

डॉक्टर खचली. मी खचले नाही. एखादी गाडी रद्द झाली म्हणून स्टँड बंद होत नसतो.

पेन्शनच्या कामाला मी एकदा डेपोत गेले होते. कँटीनच्या भिंतीवर ताजं पोस्टर चिकटवलं होतं. 'भव्य डबल बारी, शक्ती विरुद्ध तुरा.' कुठल्याशा गावच्या शाळेच्या कुंपणासाठी त्या गावच्या मुंबईकरांनी ठेवलेली. दोन बाजूंना दोन शाहीर फेटे बांधून एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. मी त्या पोस्टरसमोर चहाचा कप घेऊन उभीच राहिले.

कोकणाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्याकडे जाखडी नाचतात. मधे ढोलकीवाला आणि गाणारे बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे फिरतात. डबल बारी म्हणजे अशा दोन पथकांचा सामना. तुरेवाला शंकराची बाजू घेऊन गातो, शक्तीवाला पार्वतीची. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच परतवायचा. लोक त्यासाठी ट्रक भरून येतात. आणि गावाला देऊळ बांधायचं असो की शाळेचं कुंपण, पैसा उभा करायचा म्हणजे बारी लावायची, ही इथली जुनी रीत. मुंबईची मैत्रीण कशाला हवी होती?

पोस्टरवरचा तुरेवाला शाहीर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. तो आमच्याच डेपोत कंडक्टर. अंगाने दांडगा, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा, आणि स्वतःच्या कलेबद्दल तिळमात्र संकोच नसलेला. तो कोपऱ्यात उसळपाव खात बसला होता. मी समोर जाऊन बसले.

"शाहीर, एक बारी हवी आहे."

"कुठल्या गावाला?"

"गावाला नाही. आमच्या कुत्र्या-मांजरांना."

त्याने घास तसाच हातात धरला. "बाई, रिटायर झाल्यावर माणसाचा असा होतो काय?"

"विषय ऐका तर खरं. कुत्रा श्रेष्ठ की मांजर."

"मी शंकर-पार्वतीवर गातो. वेद-पुराणावर गातो. कुत्र्यावर गायलो तर माझ्या पोरीचा लग्न ठरायचा नाय."

"बरं. काळभैरवाचं वाहन कोण?"

"कुत्रा."

"आणि भैरव म्हणजे कोण?"

"शंकरच की." तो थांबला. पाव खाली ठेवला. त्याची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. "आणि मांजर सटवाईची," तो स्वतःशीच म्हणाला. "सटवाई म्हणजे शक्ती. म्हणजे तुऱ्याला कुत्रा, शक्तीला मांजर. बाई! हे इतकी वर्षं कुणाला सुचला कसा नाय?"

"तुम्हाला सुचलं ना आता," मी म्हटलं.

पोस्टरसमोर चहा पिताना मला ते सुचलेलंच होतं, पण शाहिराला कल्पना आपली वाटावी लागते. ड्रायव्हर-कंडक्टरांशी इतकी वर्षं वागून एवढं मी शिकलेच होते.

त्याने एक अट घातली. समोर शक्तीची बाजू घेऊन जयगडकडची शाहीरबाईच हवी. गेल्या गणपतीत दोघांची बारी ऐन रंगात असताना वीज गेली होती, आणि तेव्हापासून दोघंही आपणच जिंकलो असं सांगत फिरत होती.

मी दुसऱ्या दिवशी जयगडची गाडी पकडली. शाहीरबाई वाडीच्या टोकाला राहायची. नवरा बंदरावर पाळीने कामाला, ती अंगणवाडीत मदतनीस. वय पस्तिशीचं असेल. पुरुषांच्या या खेळात ती स्वतःच्या हिमतीने शिरली होती आणि आता तिच्यासमोर गायला भले भले बिचकायचे. मी गेले तेव्हा ओटीवर ढोलकी होती आणि ढोलकीवर एक गलेलठ्ठ मांजर झोपलं होतं. माझं अर्धं काम तिथेच झालं.

मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती.

"तो कुत्र्यावर गाणार? नक्की?"

"नक्की."

"मग मी मांजर घेतली. त्याला हरवायचा असंल तर मी पालीवर पण गाईन, काकी. पण आदी सांगून ठेवते. सवाल कुठला टाकनार ते मी कुनाला सांगायची नाय. तुम्हाला पन नाय."

"माझी हरकत नाही," मी म्हटलं.

आता जाहिरात. तिथे मी कुणाला बोलू दिलं नाही. आसऱ्यातल्या प्रत्येक जनावराची गोष्ट एसटीच्या पाटीसारखी लिहून घ्यायची असं मी ठरवलं. वर मोठा फोटो, खाली पाटी. 'हातखंबा ते आसरा, मार्गे दवाखाना.' 'मिरकरवाडा ते आसरा, मार्गे गटार.' त्याखाली दोन ओळीत काय घडलं ते. आणि शेवटी 'पुढील थांबा:' लिहून जागा कोरी. बागायतदार बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. पहिल्यांदाच ते "बघूया" म्हणाले नाहीत. म्हणाले, "मस्त आहे."

मग रिक्षावर भोंगा बांधला आणि मी स्वतः आत बसले. मारुती मंदिर, जुना बाजार, मांडवी, साळवी स्टॉप, सगळीकडे फिरले. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मिरकरवाड्याहून आलेला, एका डोळ्याचा पांढरा बोका, दवाखानामार्गे आपल्या घरी जाण्यासाठी तयार आहे. तसेच, येत्या शनिवारी दुपारी, कुत्रा विरुद्ध मांजर, भव्य डबल बारी..." स्टँडजवळून जाताना मी मुद्दाम आवाज चढवला. फलाटावरची माणसं सवयीने पिशव्या उचलून उभी राहिली आणि गाडी कुठेय म्हणून बघू लागली. कंट्रोल केबिनमधून माझ्या जागी आलेला नवा नियंत्रक बाहेर डोकावला आणि त्याने मला चक्क सलाम ठोकला. एवढी मजा मला नोकरीतही आली नव्हती.

पोस्टरवर मात्र अडचण आली. छापणाऱ्याने हौसेने कुत्र्याला आणि मांजराला फेटे चढवले होते. पोस्टर लागल्यावर दोन दिवसांनी शाहिराचे वस्ताद माझ्या दारात उभे राहिले. आतल्या गावचे शेतकरी, वय झालेलं, पांढरं धोतर, हातात छत्री. त्यांनीच शाहिराला गाणं शिकवलं होतं. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही.

"मी भांडायला आलेला नाय," ते म्हणाले. "कुत्रा-मांजरावर गा, त्याला माझी ना नाय. देवाचीच वाहनं ती. पण फेटा शाहिराच्या डोक्यावर येतो तो गुरूच्या हातून. मी सात पावसाळे ढोलकीवाल्याच्या मागं बसलो, तवा माझ्या डोक्यावर फेटा आला. तो तुम्ही गमतीला कुत्र्याला बांधलात."

डॉक्टर तिथेच होती. ती काहीतरी समजवायला पुढे झाली, मी तिला हाताने थांबवलं. म्हातारा बरोबर बोलत होता. त्यात समजवण्यासारखं काहीच नव्हतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत एकही फेटा दिसणार नाही," मी म्हटलं.

"सगळी पोस्टरं बदलणार?"

"डोकी बदलणार."

रात्रीत साध्या कागदावर उघड्या डोक्याचे फोटो छापून आणले, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मी आणि आसऱ्यावर येणारी कॉलेजची मुलं खळ घेऊन गावभर फिरलो. एकेका पोस्टरवर तांबड्या कुत्रीचं आणि बोक्याचं खरं डोकं चिकटवलं. गंमत अशी झाली की फेटेवाली पोस्टरं लोक बघून पुढे जात होते, आणि ही चिकटवलेली बघायला थांबू लागले. काय लपवलंय म्हणून काहींनी कोपरा उचकटून पाहिलं. वस्तादांना निरोप पाठवला. उलट निरोप आला की ते स्वतः येणार आहेत आणि पहिल्या रांगेत खुर्ची ठेवावी.

शनिवारी लग्नाची तिथी नव्हती म्हणून एका मंगल कार्यालयाने हॉल दिला. मी दुपारची वेळ ठरवली होती, बाहेरगावच्या माणसांना परतीची गाडी मिळावी म्हणून. वेळापत्रकाशिवाय माझं डोकं चालत नाही. दोन्ही शाहिरांच्या वाड्यांतून टेम्पो भरून माणसं आली. शहरातले प्राध्यापक, वकील, दुकानदार आले. मांडवीच्या फॅन्सी ड्रेसवाली नऊवारी पामेरियनची मालकीणही आली, कुत्री घरी ठेवून. कारण डॉक्टरने सांगितलं होतं, ढोलकीच्या आवाजाने जनावरं घाबरतात, एकही हॉलमध्ये आणायचं नाही. काही लोक त्यावर रुसले. "कुत्र्याची बारी आणि कुत्रा कुठाय?" मी त्यांना आमच्या पाट्यांकडे वळवलं. वऱ्हाडी जिथे जेवायला बसतात त्या लांब पडवीत आम्ही सगळ्या पाट्या ओळीने टांगल्या होत्या. लोक वाचत वाचत हॉलमध्ये जात होते.

सूत्रसंचालन अर्थातच माझं. गण झाला, गवळण झाली, आणि शाहिराने पहिला वार केला.

"भैरवाच्या पायी बसतो, मसणाला तो भीत नाय,
तुझी मांजर दुधापुरती, मालकिणीशी नीत नाय!"

तुरेवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या. शाहीरबाई पदर खोचून उठली. ढोलकीवाल्याकडे तिने नुसतं पाहिलं आणि ठेका बदलला.

"सटवाईचं वाहन माझं, बाळंतिणीच्या उशाशी,
तुझा कुत्रा शेपूट हलवी, भाकर टाकील त्यापाशी!"

बायकांची बाजू उसळली. तासभर असंच चाललं. शाहिराने पांडवांच्या मागून स्वर्गापर्यंत गेलेला कुत्रा आणला. तिने उंदरांपासून भाताची कणगी राखणारी मांजर आणली. त्याने तिच्या मांजराला मासळीबाजारात चोरताना पकडलं, तिने त्याच्या कुत्र्याला खांबापाशी तंगडी वर करताना पकडलं. पहिल्या रांगेत वस्ताद गंभीर चेहऱ्याने बसले होते, पण छत्रीची मूठ मांडीवर ताल धरत होती. मी कडेला उभी राहून हॉल बघत होते. इतके लोक आपल्या कार्यक्रमाला मी कधी पाहिले नव्हते, पण आश्चर्य वाटलं नाही. हे असंच होणार हे मला पोस्टरसमोर चहा पितानाच दिसलं होतं.

मग शाहीरबाईने हात वर केला. नाचे थांबले. ढोलकी अगदी हळू वाजत राहिली. तिने आतापर्यंत लपवलेला सवाल काढला.

"देव सांगितलेस, वाहनं सांगितलीस, आता येवढं सांगून जा,
गोणीत बांधून पिल्लं टाकली, त्या हाताचं नाव सांगून जा!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पडवीतल्या पाट्या सगळ्यांनी वाचल्या होत्या. पुलाखालून आणलेली, नदीकाठावरून आणलेली, बाजाराच्या कचऱ्यातून आणलेली. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका माणसाने मान खाली घातली. डॉक्टरने माझा दंड घट्ट धरला. "काकू, लोक उठून जातील," ती कुजबुजली.

"जाणार नाहीत," मी म्हटलं. पण मलाही शाहीर काय करणार ते कळत नव्हतं. या सवालाला पुराणात उत्तर नव्हतं. तो ढोलकीवाल्याशेजारी मांडी घालून बसला होता, नजर जमिनीवर. बारीत शाहीर इतका वेळ गप्प बसला तर हरला असं धरतात. तिच्या बाजूने एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली, पण तिनेच त्याला डोळ्यांनी दाबलं. मग तो उठला. त्याचा नेहमीचा डोंगरापलीकडचा आवाज नव्हता. प्रवाशाशी बोलावं तसा तो गायला.

"नाव कसं मी सांगू बाय, गाडी भरली होती गं,
शेवटच्या त्या शिटाखाली गोणी रडत होती गं.
डबल बेल मी दिली तरी पण गाडी पुढे जाईना,
तिकीट कुणाचं फाडू सांग, वाली कोणी होईना."

हे त्याने रचलेलं नव्हतं, घडलेलं होतं. एसटीत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पिल्लं नदीपल्याड नेऊन सोडली की घर शोधत परत येत नाहीत, असं लोक मानतात. म्हणून गोणी शिटाखाली सरकवायची आणि मधल्याच थांब्यावर उतरून जायचं. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर झाडू फिरवतो तेव्हा गोणी हलते. माझ्या केबिनमध्येही अशा गोण्या आल्या होत्या. नोंद करायची तर बेवारस सामान म्हणून करायची. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो, तो आणि मी. बोलण्यासारखं काय होतं?

त्याने शेवटचं कडवं वस्तादांकडे बघत म्हटलं.

"शक्ती हरली, तुरा हरला, जिंकला कोण ते सांगू काय?
उतरून गेला मधल्या थांब्यावर, आपल्यातलाच होता, नाय?"

ढोलकी थांबली. वस्ताद उठले. ते स्टेजवर चढले, खिशातून नोट काढली आणि रिवाजाप्रमाणे शाहिरावरून ओवाळली. पण ती त्याला दिली नाही. वळून शाहीरबाईवरूनही ओवाळली आणि खाली उतरून आमच्या मदतपेटीत टाकली. त्यानंतर पेटीपुढे जी रांग लागली ती मला माईकवरून सरळ करावी लागली. "कृपया गर्दी करू नये. उजव्या बाजूने या. डाव्या बाजूने बाहेर पडा." शाहीर आणि शाहीरबाई विंगेत एकाच बाटलीतून पाणी पीत होते. "असला सवाल टाकतात काय गो?" तो विचारत होता. "उत्तर नसता तर?" ती म्हणाली, "उत्तर हाय म्हणूनच टाकला. तुमच्याच गाडीनं जाते-येते मी. शेवटच्या थांब्यापर्यंत."

त्या पैशात शेडला नवे पत्रे आले, पावसाआधी. पाट्यांवरच्या कोऱ्या जागाही भरू लागल्या. एका डोळ्याचा बोका कुवारबावच्या एका शिक्षिकेने नेला. तांबडी कुत्री कोणी नेली नाही. ती आसऱ्यावरच राहिली आणि आता मला गेटपासून शेडपर्यंत पोचवायला येते.

एक कटकट मात्र वाढली. माझं घर सगळ्यांना कळलं. सकाळी दार उघडलं की पायरीवर खोक्यात पिल्लं. डॉक्टर रडकुंडीला आली. मी दाराशी पाटी लावली: 'पिल्लू सोडणाऱ्याने बेल वाजवावी. त्यास बोलणी बसणार नाहीत. फक्त एक रविवार आसऱ्यावर झाडलोट करावी लागेल.' पहिल्या आठवड्यात कुणी बेल वाजवली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक कॉलेजची मुलगी आणि तिची आई आल्या. त्या झाडलोटीला एका रविवारी आल्या, आणि नंतरही येत राहिल्या. आंब्याच्या मोसमात बागायतदारांनी तर स्वतःच कल्पना काढली. बागेत राखण करणाऱ्या कुत्र्यांना मोसम संपला की कुणी विचारत नाही. त्यांनी आपल्या कुत्र्याचा फोटो छापलेला कागद प्रत्येक पेटीत गवतावर ठेवला. 'हा आंबा याने राखला.' मुंबईहून गिऱ्हाइकांचे फोन आले, आंब्याविषयी नाही, कुत्र्याविषयी. आता आजूबाजूचे बागायतदार त्यांच्याकडे कागद मागतात. आणि ते त्यांना म्हणतात, "बघूया."

बारीला मागणी येऊ लागली. गावोगावची मंडळं फोन करायची, ती 'कुत्रा-मांजरवाली' हवी म्हणून. डॉक्टरने आपली अट पुढे केली. बारीच्या दिवशी सकाळी गावातल्या कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस टोचून घ्यायची, मगच संध्याकाळी ढोलकी वाजेल. मंडळवाले कुरकुरत कबूल झाले.

पहिलं गाव लाभलं ते वेळणेश्वरच्या बाजूचं. शाळेच्या पडवीत डॉक्टरने टेबल मांडलं. आधी कुणीच आलं नाही. मी गावच्या देवळातला माईक मागून घेतला आणि चार वेळा लक्ष वेधलं. मग माणसं आली. कुणी सुंभाने बांधून कुत्रा आणला, कुणी जुन्या साडीच्या पट्टीने, एकाने तर दोन्ही हातांत उचलून, नवरीला आणावं तसा. गुरगुरणं, भुंकणं, हसणं, आणि मधे डॉक्टर सुई घेऊन शांत.

सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. डोक्यावर आंब्याची रिकामी पेटी, पेटीवर आडवी काठी बांधलेली, आत करडं मांजर. लस टोचून झाली तशी ती पेटी घेऊन घरी जाईल असं वाटलं. संध्याकाळी आम्ही मांडवात बघतो तर ती पहिल्या रांगेत, आणि मांडीवर पेटी. डॉक्टर धावत गेली. "आजी, मांजराला घरी सोडून या. इथे फार मोठा आवाज होणार. ती घाबरेल."

आजीने तिच्या तोंडाकडे बघत हाताने कान दाखवला, मग पेटीतल्या मांजराचा कान दाखवला.

"बाय माझी, ती बहिरी हाय. मी पण," ती मोठ्याने म्हणाली. "आमी नाच बघायला आलाव."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागली. मी माईक उघडला, आणि बारी सुरू केली.